सल्ला डावलला, तर कारण लिहा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

समुद्राविषयीच्या बातम्यांची कात्रणे मी गेली अनेक वर्षे दोन पाकिटांत ठेवत आले आहे. एका पाकिटावर 'इशारे' असे लिहिले आहे आणि दुसऱ्यावर 'निर्णय'. पहिल्यात प्रवाळ पांढरे पडल्याच्या, माशांचे साठे घटल्याच्या, पाण्याचे तापमान वाढल्याच्या बातम्या आहेत. दुसऱ्यात मासेमारीच्या मर्यादा, बंदरांचे विस्तार, किनारी बांधकामांच्या मंजुऱ्या आणि आंतरराष्ट्रीय करार. दोन्ही पाकिटे फुगली आहेत. परंतु अमुक इशारा विचारात घेऊन अमुक निर्णय झाला, किंवा तो इशारा या कारणासाठी बाजूला ठेवला, असे सांगणारी बातमी क्वचितच हाती लागते. तिसरे पाकीट करावे एवढीही ती कात्रणे जमली नाहीत. सागरी जीवशास्त्रात तीन दशके काम केल्यावर, आणि त्यातला बराच काळ निर्णय घेणाऱ्यांना सल्ला देणाऱ्या समित्यांवर काढल्यावर, या न जमलेल्या पाकिटाविषयी लिहावेसे वाटले. पत्र लांबले आहे. काटछाट करण्याचा आपला अधिकार मला मान्य आहे. फक्त आकडे तेवढे कापू नयेत, ही विनंती.

संशोधन आणि धोरण यांची गाठ का पडत नाही, या प्रश्नाला एक ठरलेले उत्तर आहे. शास्त्रज्ञांची भाषा अवघड असते, ती धोरणकर्त्यांना कळत नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी सोपे लिहावे, चित्रे काढावीत, पुस्तिका छापाव्यात. या विषयावरच्या कार्यशाळांना मी इतक्यांदा बसले आहे, की तिथे काय बोलले जाईल हे निमंत्रण पाहूनच सांगता येते. सोपे लिहावे याबद्दल वादच नाही. परंतु माझा अनुभव असा, की मोठ्या चुका झाल्या तेव्हा बहुतेक वेळा निरोप पोहोचला होता आणि समजलाही होता. त्याला उत्तर देणे मात्र कोणावर बंधनकारक नव्हते.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटालगतच्या कॉड माशाची कथा या विषयात नेहमी सांगितली जाते, पण ती अर्धीच सांगितली जाते. या पाण्यात शतकानुशतके कॉड पकडला जात होता. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर देशोदेशींचे महाकाय ट्रॉलर, म्हणजे जाळे ओढत नेणारी जहाजे, तिथे आले आणि १९६८ मध्ये पकड सुमारे ८ लाख टनांवर गेली. मग ती घसरली. १९७७ मध्ये कॅनडाने आपली मासेमारीची हद्द किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत वाढवली, परदेशी जहाजे बहुतांशी बाहेर गेली आणि आता साठा झपाट्याने भरून येईल असे सर्वांनीच धरून चालले; शास्त्रज्ञांनीही. पुढची काही वर्षे साठ्याचे अंदाज वाढते राहिले, त्याआधारे मर्यादा ठरल्या, त्यांवर नव्या बोटी आणि नवे प्रक्रिया कारखाने उभे राहिले.

अंदाज चुकत होते, आणि ते का चुकत होते हे समजून घेण्यासारखे आहे. साठा मोजण्याचे एक साधन म्हणजे व्यापारी ट्रॉलरला तासामागे किती मासळी मिळते, हा आकडा. मासळी कमी झाली तर तासाची पकडही कमी होईल, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. पण ट्रॉलर समुद्रभर सारखे फिरत नाही. तो जिथे मासळी दाट असते तिथेच जातो, आणि कॉडसारखा मासा संख्येने कमी झाला की उरलेल्या जागी अधिक दाटीने गोळा होतो. त्यात दरवर्षी यंत्रे सुधारतात, कप्तान शहाणे होतात. त्यामुळे साठा अर्ध्यावर आला तरी तासाची पकड तीच राहते. डब्यातले लाडू संपत आले तरी हात घातला की लाडू लागतोच, आणि शेवटचा लागेपर्यंत डबा भरलेलाच वाटतो, तसे काहीसे ते होते. याउलट किनाऱ्याजवळ लहान बोटींतून जाळी लावणाऱ्यांकडे मासळीने स्वतः चालत यावे लागते. त्यांची जाळी आधी हलकी झाली, मासा लहान येऊ लागला, आणि त्यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यापासूनच तशी ओरड सुरू केली. त्यांचे म्हणणे 'किस्से' म्हणून बाजूला पडले. शास्त्राच्या बाजूने मला आजही सर्वांत अधिक खुपते ते हेच.

पुढचा भाग मात्र शास्त्रज्ञांच्या पदरात घालता येत नाही. संशोधन जहाजांच्या सर्वेक्षणांतून चूक ध्यानात आली, गणित सुधारले गेले आणि १९८९ या वर्षासाठी सल्ला आला तो १ लाख २५ हजार टनांचा. सरकारने ठरवलेली मर्यादा होती २ लाख ३५ हजार टन. म्हणजे सल्ला मिळाला, वाचला गेला, त्याचा अर्थ कळला, आणि कारखाने बंद पडतील, गावे ओस पडतील या भीतीने तो जवळजवळ दुपटीने ओलांडला गेला. ती भीती खोटी नव्हती. परंतु साठ्यावर येणारी ही जोखीम आम्ही जाणून घेत आहोत, ती इतकी आहे आणि ती फसली तर पुढे असे करू, असा हिशेब लोकांपुढे मांडला गेला नाही. २ जुलै १९९२ रोजी मासेमारी बंद करण्याची वेळ आली. दोन वर्षांसाठी म्हणून जाहीर झालेली बंदी उठायला २०२४ चा जून उजाडला, आणि तेव्हाही मर्यादा ठरली ती अवघ्या १८ हजार टनांची. जवळपास ३० हजार लोकांचा रोजगार बुडाला. वाचवायला निघालेली गावे त्या निर्णयाने वाचली नाहीत.

शास्त्रीय सल्ला म्हणजे आकाशवाणी नव्हे, हे मी स्वतः तो तयार करत आल्यामुळे जाणते. माशाच्या आतल्या कानात चुनखडीचा एक लहानसा खडा असतो. त्याला कर्णाश्म म्हणतात. थंड पाण्यातल्या माशात त्यावर उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची वेगळी वलये पडतात. खडा काढायचा, राळेत बसवायचा, त्याचा पातळ काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि वलये मोजून माशाचे वय लिहायचे. ऐकायला सोपे आहे. परंतु म्हाताऱ्या माशाच्या खड्यात कडेची वलये इतकी एकमेकांना चिकटतात, की शेजारी बसलेली माझी सहकारी सात म्हणायची आणि मी आठ. कडेची शेवटची रेषा पूर्ण धरायची की अपुरी, यावर आमचा एकेक तास जाई. या वयांवरून वाढीचा वेग निघतो, वेगावरून आणि वयांच्या वाटणीवरून मृत्यूचे प्रमाण, त्यावरून साठ्याचा अंदाज आणि त्यावरून पकडीची मर्यादा. त्या एका वलयाचा वाद टन-टन मासळी होऊन शेवटच्या कोष्टकात उतरतो. म्हणूनच कोणताही प्रामाणिक अहवाल एक आकडा देत नाही. तो खालचा आणि वरचा असे दोन आकडे देतो आणि त्यांच्यामधले अंतर कशाने पडले ते सांगतो.

ते अंतर वाटेत कुठे गळून पडते, हेही मी पाहिले आहे, आणि त्यात माझा हात आहे. एकदा एका अहवालाचा मसुदा घेऊन मी एका अधिकाऱ्यांपुढे बसले होते. खालच्या आणि वरच्या अंदाजात दुपटीहून अधिक फरक होता आणि तो का होता, यावर आम्ही अकरा पाने खर्ची घातली होती. त्यांनी सरळ शेवटचे पान काढले, मधल्या आकड्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ केले आणि अगदी सौजन्याने म्हणाले, "मॅडम, फाईलवर एकच आकडा बसतो." दिवसभराच्या बैठकांनी मी थकले होते, आणि निदान मधला आकडा तरी जातो आहे या समाधानात मी मान हलवली. पुढच्या वर्षी नव्या सर्वेक्षणानंतर आमचा अंदाज खाली आला, पण आधीच्या पट्ट्यातच होता. टिपणीत मात्र शेरा पडला, की शास्त्रज्ञ दरवर्षी आपले म्हणणे बदलतात. तो शेरा खोडून काढण्याचा मला अधिकार उरला नव्हता. एकच आकडा देऊन मीच तो लिहायला जागा करून दिली होती.

म्हणून सल्ला कसा द्यावा, याविषयी माझे मत ठाम झाले आहे. "मर्यादा इतकी ठेवा" असे सांगण्यापेक्षा "मर्यादा इतकी ठेवली तर साठा धोक्याच्या पातळीखाली जाण्याची शक्यता इतकी, तितकी ठेवली तर तितकी" असे कोष्टक द्यावे. समुद्र संशोधनासाठीची आंतरराष्ट्रीय परिषद १९०२ मध्ये कोपनहेगन येथे स्थापन झाली आणि आजही उत्तर अटलांटिकमधल्या साठ्यांवर दरवर्षी सल्ला देते. धोक्याच्या पातळीखाली जाण्याची शक्यता ५ टक्क्यांहून अधिक नसावी, असा निकष ती सावधगिरीसाठी वापरते. ही शक्यता किती आहे हे शास्त्र सांगू शकते. ५ टक्के धोका पत्करायचा की २५ टक्के, हे मात्र शास्त्र सांगू शकत नाही. ते समाजाने आणि त्याच्या प्रतिनिधींनी ठरवायचे असते. या दोन गोष्टींची गल्लत आम्हीही करतो. धोका मोजता मोजता तो पत्करू नये असा उपदेश आमच्या तोंडून कधी निघून जातो ते कळतही नाही, आणि मग समोरचा माणूस आकड्यांकडेही उपदेश म्हणूनच पाहू लागतो.

हे नीट वेगळे ठेवले तर काय साधते, याचे मला आवडणारे उदाहरण ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफचे आहे. तिथल्या सागरी उद्यानाचे क्षेत्र सुमारे ३ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर आहे आणि त्यातला पूर्ण संरक्षित, म्हणजे जिथून काहीही काढायचे नाही असा भाग ५ टक्क्यांहूनही कमी होता, तोही मुख्यतः प्रवाळांवर. शास्त्रज्ञांनी तळाची रचना, प्रवाह, खोली, जीवजाती पाहून या क्षेत्राचे ७० विभाग पाडले आणि एक नियम सुचवला: प्रत्येक विभागाचा किमान २० टक्के भाग पूर्ण संरक्षित असावा. तो २० टक्के नेमका कुठे, हे त्यांनी आपल्याकडे ठेवले नाही. मच्छीमार, पर्यटन व्यावसायिक, किनारी रहिवासी यांच्याकडून ३१ हजारांहून अधिक लेखी निवेदने आली, रेषा इकडून तिकडे सरकल्या, पण किमान टक्केवारीचा नियम हलला नाही. २००४ मध्ये नवी आखणी लागू झाली तेव्हा पूर्ण संरक्षित भाग सुमारे ३३ टक्के झाला होता. पुढे वाढत्या तापमानाने तिथले प्रवाळ वारंवार पांढरे पडले, आणि नकाशावरच्या रेषा तापमानाला अडवू शकत नाहीत हेही खरे. परंतु ज्या प्रश्नासाठी ती आखणी होती, त्या प्रश्नापुरते संशोधन कायद्यात कसे उतरवावे याचा तो वस्तुपाठ आहे.

जहाजांच्या रंगातल्या ट्रायब्युटिल टिन या विषाची हकीकतही अशीच मार्गी लागली, पण किती वर्षांनी, ते पाहावे. जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून हे रसायन रंगात घालत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या आर्काशों उपसागरात कालवांची पिल्ले जगेनाशी झाली आणि मोठ्या कालवांची कवचे बेढब जाड होऊ लागली. कालवे पाळणाऱ्यांचे दिवाळे निघू लागले, संशोधकांनी कारण शोधले आणि १९८२ मध्ये फ्रान्सने २५ मीटरहून लहान बोटींवर हा रंग वापरण्यास बंदी केली. अन्यत्र याच रसायनामुळे डॉगव्हेल्क नावाच्या लहान शंखाच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले होते आणि त्यांची अंडी बाहेर पडण्याची वाटच बुजत होती. लिटरभर पाण्यात एखादा नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक अब्जावा भाग, एवढे रसायनही त्याला पुरे होई. इतके सूक्ष्म प्रमाण पाण्यात मोजण्याला महागडी उपकरणे लागत, परंतु शंख फोडून भिंगाखाली पाहिले की उत्तर समोर असे. हा पुरावा कोणत्याही बंदराला गोळा करता येण्याजोगा होता, आणि धोरणासाठी त्याची किंमत शंभर शोधनिबंधांहून अधिक ठरली, असे मला वाटते. तरीही जगभरच्या सर्व जहाजांसाठीचा करार २००१ मध्ये झाला आणि अमलात आला २००८ मध्ये. फ्रान्सच्या बंदीपासून मोजले तर सव्वीस वर्षे. यश म्हणून सांगितली जाणारी गोष्टसुद्धा एवढी सावकाश चालते.

नियमच असा असावा का, की सल्ल्याच्या वर जाताच येऊ नये? अमेरिकेने मासेमारीपुरता तो केला आहे. १९७६ च्या मूळ कायद्यात २००६ साली झालेल्या सुधारणेनुसार, प्रादेशिक परिषदांना वार्षिक मर्यादा ठरवताना आपल्या वैज्ञानिक समितीने शिफारस केलेल्या पातळीच्या वर जाता येत नाही. खाली जाता येते. त्यामुळे भांडण संपले नाही, ते वैज्ञानिक समितीच्या खोलीत गेले, अशी टीका होते आणि ती अगदीच निराधार नाही. परंतु निदान भांडण पुराव्यावर होते. युरोपीय संघात याउलट मंत्र्यांची परिषद दर डिसेंबरला रात्र रात्र जागून मर्यादा ठरवते. सर्व साठ्यांची मासेमारी शाश्वत पातळीवर आणण्यासाठी २०१३ च्या सुधारित धोरणाने २०२० ही शेवटची मुदत घातली होती. ती उलटून गेली आणि काही साठ्यांच्या मर्यादा सल्ल्याच्या वरच राहिल्या.

माझा आग्रह अमेरिकेच्या नियमाइतका कडक नाही. निवडून आलेल्या माणसाला शास्त्रज्ञाचा सल्ला बाजूला ठेवण्याचा अधिकार असला पाहिजे. किनाऱ्यावरच्या माणसाच्या पोटाचा विचार करण्यासाठीच त्याला निवडलेले असते आणि तो विचार आमच्या कोष्टकात मावत नाही. मला हवे आहे ते एवढेच, की सल्ला निर्णयाच्या आधी जाहीर व्हावा, आणि त्याहून वेगळा निर्णय झाला तर तो किती वेगळा आहे, कोणत्या कारणासाठी, आणि वाढलेला धोका कोण उचलणार, हे सहीनिशी एका पानावर लिहिले जावे. एक पान पुरे. सही करणाऱ्या माणसाची लेखणी अशा पानावर किती वेगळ्या तऱ्हेने चालते, हे ज्यांनी सरकारी टिपणी लिहिली आहे त्यांना सांगायला नको.

हे पान लिहिण्याची सवय लागण्याची गरज आज विशेष आहे, कारण समुद्राविषयीचे काही फार मोठे निर्णय आता दारात उभे आहेत. देशांच्या हद्दीबाहेरच्या समुद्रातील जैवविविधतेचा करार जून २०२३ मध्ये संमत झाला आणि १७ जानेवारी २०२६ पासून अमलात आला. त्यात शास्त्रीय आणि तांत्रिक मंडळाची तरतूद आहे, पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास बंधनकारक आहे. पण तो अभ्यास वाचून काम चालू द्यायचे की नाही हे शेवटी संबंधित देशच ठरवणार. खोल समुद्रतळावरील खनिजांचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. पेरूच्या पश्चिमेला चार हजार मीटरहून अधिक खोलीवर खाणकामाने काय होईल ते पाहण्यासाठी संशोधकांनी १९८९ मध्ये तळाचा काही भाग मुद्दाम नांगरून पाहिला. २०१५ मध्ये पुन्हा कॅमेरे खाली सोडले तेव्हा नांगराच्या रेघा तशाच ताज्या दिसत होत्या आणि तिथल्या सूक्ष्मजीवांचे व्यवहारही पूर्ववत झालेले नव्हते. सव्वीस वर्षांनी. हा पुरावा कुठेही लपवलेला नाही. परंतु समुद्रतळाच्या आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाच्या ज्या विधी व तांत्रिक आयोगात परवान्यांची छाननी होते, त्याच्या बैठका बहुतांशी बंद दाराआड चालतात. पुरावा कसा तोलला गेला, हे बाहेरच्याला कळण्याची वाटच तिथे नसते.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही, कारण ती नेहमी राहून जाते. धोरणाला उपयोगी पडणारे संशोधन पुष्कळदा कंटाळवाणे असते. १९३१ पासून व्यापारी जहाजांच्या मागे एक पेटीवजा यंत्र ओढले जाते. त्यात रेशमी जाळीची पट्टी हळूहळू गुंडाळली जाते आणि पाण्यातले प्लवक, म्हणजे प्रवाहाबरोबर तरंगणारे बारीक जीव, तीवर अडकून राहतात. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी यांनी हे यंत्र केले. पट्टी उलगडायची, तिचा हिरवेपणा नोंदवायचा, जीव मोजायचे, पट्टी जपून ठेवायची. हे काम पिढ्यानपिढ्या चालू आहे. या नोंदींमुळेच ईशान्य अटलांटिकमध्ये उबदार पाण्यातले प्लवक काही दशकांत उत्तरेकडे सरकल्याचे दिसले. याच जपून ठेवलेल्या पट्ट्या पुन्हा तपासल्या तेव्हा प्लॅस्टिकचे सूक्ष्म तंतू १९६० च्या दशकापासून वाढत आले असल्याचे आढळले, आणि ते २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. पट्ट्या गुंडाळणाऱ्यांच्या मनात प्लॅस्टिक नव्हते. आज मी कोणाला म्हटले, की सत्तर वर्षे काय उपयोग होईल ते माहीत नाही पण मोजत राहू या, तर मला तीन वर्षांच्या प्रकल्पाचा अर्ज भरून अपेक्षित निष्कर्ष लिहायला सांगतील. युनेस्कोच्या २०२० च्या जागतिक अहवालानुसार देशांच्या संशोधन खर्चातला सरासरी जेमतेम १.७ टक्के हिस्सा समुद्रविज्ञानाच्या वाट्याला येतो, आणि पैसा आखडला की पहिला घाला नेमका अशा नोंदींवर पडतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे समुद्रविज्ञानाचे दशक म्हणून जाहीर केले आहे. अशी मालिका एकदा तुटली, की तुटलेली वर्षे मागाहून कोणत्याही किमतीला मोजता येत नाहीत, एवढे या दशकात कोणी ठळकपणे मांडले तरी पुष्कळ झाले.

"पुरावा अपुरा आहे, अधिक संशोधन होऊ द्या" हे वाक्य मी दोन्ही बाजूंनी ऐकले आहे. संशोधकाला त्यातून निधी मिळतो आणि अधिकाऱ्याला मुदत. म्हणून ते दोघांनाही सोयीचे जाते. हद्दी ओलांडणाऱ्या आणि दूरवर फिरणाऱ्या माशांविषयीच्या १९९५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात स्वच्छ लिहिले आहे, की पुरेशी शास्त्रीय माहिती नाही हे कारण सांगून संवर्धनाचे उपाय पुढे ढकलता येणार नाहीत. हे कलम मी अनेक बैठकांत वाचून दाखवले. सगळे मान डोलावतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात.

आता आपल्याकडे मागणे. समुद्रासंबंधी एखादी मर्यादा, मंजुरी किंवा करार जाहीर झाल्याची बातमी आपण छापाल, तेव्हा तिच्याखाली तीन ओळींची चौकट द्यावी: या विषयावर शास्त्रीय सल्ला मागवला होता का आणि तो काय होता, प्रत्यक्ष निर्णय त्याहून किती वेगळा आहे, आणि वेगळा असल्यास त्याचे लेखी कारण कुठे वाचायला मिळेल. त्याचप्रमाणे शास्त्रज्ञांचा इशारा छापताना मधला एकच आकडा न देता खालचा आणि वरचा असे दोन्ही द्यावेत. वाचकाला ते समजत नाहीत असे मानण्याचे कारण नाही, उद्या पाऊस पडण्याची शक्यता किती टक्के हे तो रोज वाचतोच. तिसऱ्या ओळीत पुष्कळदा "कारण उपलब्ध नाही" एवढेच छापावे लागेल, याची मला कल्पना आहे. ते तसेच छापावे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त सागरी जीवशास्त्रज्ञ